आरोग्यपच्चाचं गुपित

माझी आजी गावात काविळीचं औषध द्यायची. पाला कसला, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. विचारलं, की म्हणायची, "नाव सांगितलं की गुण जातो." मला ती शुद्ध अंधश्रद्धा वाटे. पुढे काणी लोकांची हकिगत वाचनात आली आणि आजीच्या हट्टाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

आपला सह्याद्री दक्षिणेला संपत येतो, तिथे केरळात अगस्त्यमलैचे डोंगर आहेत. काणी आदिवासी तिथले. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांचं संशोधक पथक ते डोंगर चढत होतं. शास्त्रज्ञ थकले, वाटाडे काणी तरुण मात्र ताजेतवाने! अधूनमधून ते कसलीशी लहान फळं तोंडात टाकत. ती खाल्ल्यावर पाहुण्यांनाही तरतरी आली. पण झाडाचं नाव कुणी सांगेना. ते जमातीचं गुपित होतं. बरीच मनधरणी झाल्यावर तरुणांनी सावलीत वाढणारं एक बुटकं रोप दाखवलं. त्याचं नाव आरोग्यपच्चा.

पुढे तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यानात त्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झालं. १९९५ मध्ये कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला ते बनवण्याचा परवाना मिळाला. दहा लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन असा करार ठरला. त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं संस्थेनं ठरवलं. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९९९ मध्ये पाच लाखांवर रक्कम त्यात जमा झाली. आपल्याकडे जैवविविधता कायदा झाला तो २००२ साली. म्हणजे कायद्याआधीच हे घडलं. जगभर कौतुक झालं, ते योग्यच होतं.

पण काणींचे पारंपरिक वैद्य, त्यांना 'प्लाथी' म्हणतात, त्यांना हे रुचलं नव्हतं. आपलं ज्ञान खासगी कंपनीला विकायला त्यांतल्या काहींनी विरोध केला. दोन-तीन तरुणांनी सांगितलं म्हणजे साऱ्या जमातीनं सांगितलं, असं धरायचं का? हा प्रश्न करारात कुठे बसणार? शिवाय काणी खात ती फळं, कारखान्याला हवी होती पानं. मागणी वाढताच जंगलातली रोपं उपटली जाऊ लागली. वनखात्यानं हरकत घेतली आणि पानांचा पुरवठा अडला.

आजीचं औषध तिच्याबरोबर गेलं. परसातली झाडं अजून आहेत. त्यांतलं कुठलं, हे आता घरात कुणालाच ठाऊक नाही.