महिंद्रा जीप

महिंद्रा जीप : अमेरिकेतील विलिस जीपच्या परवान्यावर मुंबईत तयार होऊ लागलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. बांधणीचा घाट बराचसा मूळचाच राहिला. इंजिन व लांबी मात्र भारतीय गरजेनुसार बदलत गेली.

उगम : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बॅण्टम कंपनीतर्फे कार्ल प्रॉब्स्ट यांनी 1940 मध्ये हलक्या गाडीचा आराखडा केला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांनी केले. विलिसचे इंजिन 2.2 लिटर, 60 अश्वशक्तीचे होते. 1945 मध्ये नागरी वापराची ‘सीजे-2ए’ आली. त्याच वर्षी जे. सी. व के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्रा अँड महंमद’ स्थापली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. जीपच्या आयात केलेल्या सुट्या भागांची जुळणी मुंबईतल्या माझगावात होई.

विकास : ‘सीजे-3बी’मध्ये (1953) उंच ‘हरिकेन’ इंजिन मावावे म्हणून बॉनेट उंचावले. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये बंद झाले. महिंद्राने ते पुढेही चालू ठेवले. पेट्रोल महागल्यावर 1970च्या दशकात ट्रॅक्टरचे इंटरनॅशनल डिझेल इंजिन जीपला बसले. ‘एमएम 540’मध्ये (1985) प्यूजोच्या परवान्याचे 2.1 लिटर डिझेल इंजिन आले.

वडाप : लांब केलेल्या कमांडर, मार्शल या गाड्यांत मागे समोरासमोर बाके असत. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत त्या, बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सबरोबर, वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागल्या. ठरलेले वेळापत्रक नाही. सीट भरल्या की गाडी हलते, कुणी हात केला की थांबते. एसटीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ वडापने भरून काढला. टप्पा वाहतुकीचा परवाना नसल्याने कायद्याने ही वाहतूक अवैधच ठरते.

पुढील रूपे : जुन्या घाटाची ‘थार’ 2010 मध्ये आली, 2020 मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. 2018 मध्ये महिंद्राने अमेरिकेत, मिशिगन राज्यात, ‘रॉक्सर’ची जुळणी सुरू केली. ही गाडी रस्त्यावर नव्हे, शेतात व रानात चालवण्यासाठी होती. तिचे रूप जीपची नक्कल असल्याची तक्रार तेव्हा जीप ब्रँडची मालक असलेल्या फियाट-क्रायस्लरने केली. 2020 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि रॉक्सरचा दर्शनी भाग बदलावा लागला.