मीटरच्या अलीकडचे घर कोण तपासणार?

जुने घर विकत घेताना आपल्याकडे बारकाईने चौकशी होते. सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची थकबाकी, दाराची दिशा, बोअरचे पाणी, सारे पाहिले जाते. भिंतीवर टिचकी मारून ती पोकळ वाजते का, हेही जाणती मंडळी पाहून घेतात. मात्र भिंतीच्या आतली वायर किती वर्षांची आहे, अर्थिंगचा खड्डा नेमका कोठे आहे, ओट्याखालची गॅसची नळी केव्हा बदलली आणि न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा धूर कोठून बाहेर जातो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. अमेरिकेत घराचा सौदा पक्का होण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीस बोलावण्याची पद्धत रुळलेली आहे. या व्यवसायातील मंडळींची तेथील संघटना १९७६ मध्येच स्थापन झाली. इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या घरातील गॅसच्या उपकरणांची दरवर्षी आणि २०२० च्या नियमांनुसार वीजजोडणीची किमान दर पाच वर्षांनी तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांत अशी तपासणी करून देणाऱ्या खासगी संस्था निघाल्या आहेत. पण सर्वसामान्य घराला त्यांचा उंबरठा अजून लांबच आहे.

याचे मूळ जबाबदारीच्या वाटणीत आहे. महावितरणची जबाबदारी साधारणपणे मीटरपाशी संपते. नवी जोडणी घेताना परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. त्यानंतर घरात किती सॉकेट वाढले, कोणत्या तारेवर काय जोडले, हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. गॅस वितरकाचा माणूस रेग्युलेटर, नळी आणि शेगडी पाहतो. घरातील वीजजोडणी तपासणे हे त्याचे काम नव्हे. गिझर बसविणारा कारागीर पाणी गरम आले की निघून जातो. पुढे त्याच न्हाणीघराच्या झरोक्याला थंडीसाठी काच बसविली, तर त्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी करावी लागते. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ‘रेरा’ कायद्याने नव्या सदनिकेतील बांधकामाच्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली आहे. पण या तरतुदी इमारतीच्या सांगाड्याच्या, सामाईक यंत्रणेच्या किंवा नव्या घराच्या. वीस-पंचवीस वर्षे वापरात असलेल्या घराच्या आत काय चालले आहे, हा प्रश्न त्यांच्या हाती लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गीचे उदाहरण घेऊ. अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषा बोलणारे हे नगरपरिषदेचे गाव. या पट्ट्यात जाड भिंतींची माळवदाची घरे आणि त्यांना चिकटून उभी राहिलेली सिमेंटची व पत्र्याची बांधकामे शेजारीशेजारी आढळतात. अशा घरात वीज हप्त्याहप्त्याने आलेली असते. आधी लाकडी पट्टीवरून नेलेला एक दिवा, मग पंखा, दूरचित्रवाणी, फ्रिज, पाण्याची मोटर, कूलर आणि शेवटी गिझर. प्रत्येक वेळी नवी तार ‘जवळच्या बोर्डातून’ ओढली जाते. दिव्यासाठी टाकलेल्या तारेवर गिझर चालू होतो तो असा.

आकडे साधे आहेत. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. दिव्या-पंख्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. मोठ्या सॉकेटला अडीचची आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला चारची, स्वतंत्र टाकलेली तार बरी. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. वायरीच्या नेहमीच्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखालची हवा त्याहून तापते, म्हणजे मर्यादेपर्यंतचे निम्म्याहून अधिक अंतर वीज वाहण्यापूर्वीच संपलेले असते. त्यातून तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडलेला सांधा असेल, किंवा सॉकेटमधला स्क्रू सैल असेल, तर आग बहुधा तेथूनच सुरू होते. सॉकेटच्या तोंडाशी आलेला तपकिरी डाग ही तिची आगाऊ सूचना होय. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार भरणे म्हणजे ही सूचना देणाऱ्याचे तोंड बंद करणे.

१८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारातच मालकाच्या कुटुंबाचे राहते घर होते आणि मृतांत त्या कुटुंबातील माणसेही होती. शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला होता. कारण काहीही असो, घर आणि कारखाना एका छताखाली असण्याची ही रीत सोलापूरला परकी नाही. घराला लागून यंत्रमाग चालविणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा ठिकाणी मोटरींचा आणि घराचा भार वेगळा काढलेला आहे का आणि रात्री बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे का, या दोन गोष्टी तपासनिसाने सर्वांत आधी पाहायला हव्यात.

अर्थिंग हा या जिल्ह्यातला खरा दुबळा दुवा आहे. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि जमीन बहुतांश काळी. वाळल्यावर ही माती आकसते, तिला भेगा पडतात आणि खड्ड्यातील पाइपला ती सोडून देते. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. समजा, मे महिन्यात अर्थिंगचा रोध वीस ओहमवर गेला. गिझरच्या बाह्य आवरणात वीज उतरली, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी याला मान्यताप्राप्त भार समजून स्वस्थ बसेल, आणि गिझरचे आवरण व त्याला जोडलेला नळ जवळजवळ पूर्ण दाबाने ‘जिवंत’ राहील. एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, ही समजूत येथे घात करते. एमसीबी तारेला वाचवितो. माणसाला वाचविणारे उपकरण वेगळे असते. त्याला आरसीसीबी म्हणतात आणि घरासाठी ते ३० मिलिअँपिअर गळतीच्या आत वीज तोडणारे असावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या मूळ विनियमांत अशा गळतीरोधक उपकरणाची सक्ती होती, पण पाच किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या घरगुती दाबाच्या जोडण्या तीतून वगळलेल्या होत्या. एक-दोन किलोवॅट मंजूर भाराची घरे म्हणजे नेमकी गरजू घरे या सक्तीबाहेर राहिली. आता २०२३ चे नवे विनियम आले आहेत. तथापि नियमाची वाट न पाहता हे उपकरण बसवून घ्यावे, हे उत्तम.

येथे एका रूढ पद्धतीविषयी लिहिणे भाग आहे. अर्थिंग ‘चांगले’ आहे हे दाखविण्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पेटवून दाखविला जातो. त्या बल्बचा स्वतःचाच रोध पाचशे ओहमच्या पुढे असतो. अर्थिंगचे वीस-तीस ओहम त्यापुढे नगण्य; बल्ब लख्ख पेटतो आणि घरमालकाचे समाधान होते. खरी मोजणी अर्थ टेस्टरनेच होते आणि पाच ओहमच्या आत आकडा यावा, अशी कारागिरांची सर्वसाधारण अपेक्षा असते. याहून वाईट युक्ती म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकड्याने जोडणे. मागे कोठे न्यूट्रल तुटला की फ्रिजचा दरवाजा थेट फेजवर येतो. गॅसच्या किंवा पाण्याच्या पाइपला अर्थची तार बांधणे हाही तसलाच प्रकार.

पावसाळ्यात चित्र उलटते. माळवद झिरपते, मातीची भिंत ओल धरते आणि आवरण गेलेल्या वायरीमुळे भिंतीलाच झटका बसू लागतो. पत्र्याच्या घरात छताला घासणारी वायर आणि तेथेच बांधलेली कपडे वाळत घालायची तार, हा दरवर्षी बळी घेणारा संयोग आहे. तार काढून नायलॉनची दोरी बांधणे, एवढा खर्च कोणालाही झेपण्यासारखा आहे.

आता स्वयंपाकघराकडे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत, ओट्याखालच्या बंद कपाटात साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून वारा खेळण्याची जागा तळाशी हवी. शहरांत पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. तेथे झरोका वर हवा. दोन्ही वायूंना एकच उपाय लागू नाही, ही गोष्ट घराची सजावट करणारे अनेकदा विसरतात. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात, कारण वायूचा दाब आणि उष्णताशक्ती वेगळी असते. मीटर, झडप आणि पाइप फर्निचरच्या मागे गाडून टाकणे तर अजिबात नको.

सिलिंडरची नळी आयएसआय चिन्हाची, आत पोलादी तारेचे जाळे असलेली हवी आणि पाच वर्षांनी ती बदलावी. भिंतीतून किंवा फ्रिजच्या मागून ती नेऊ नये. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर ‘बी-२८’ असा मजकूर असतो. ए, बी, सी, डी हे वर्षाचे चार तिमाही भाग. म्हणजे जून २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची पुढील चाचणी व्हायची आहे. तारीख उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करता येतो. वास आला तर दिव्याचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे. रात्रभर साचलेला वायू पेटायला सकाळी लावलेला दिवा किंवा फ्रिजच्या कॉम्प्रेसरची ठिणगी पुरते.

गॅस गिझरमध्ये मात्र वासावर भिस्त ठेवता येत नाही. तेथील शत्रू न जळलेला वायू नसून अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत अशा गिझरमुळे एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. अंघोळ करताना भोवळ किंवा झटका येऊन रुग्णालयात आणलेल्या माणसांच्या नोंदी भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनीही केल्या आहेत. त्यांतील काहींवर आधी अपस्माराचे उपचार झाले होते. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा, हाच खात्रीचा उपाय. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली, तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. बंद मोरीत पेटविलेला बंब किंवा कोळशाची शेगडी याच जातीची. बादलीत टाकायच्या रॉडमध्ये हा धोका नाही, पण पाणी तापले का हे बोट बुडवून पाहण्याची सवय जिवावर बेतते. आधी पिन काढावी.

ही तपासणी करणारा माणूस कोण? ‘लाइटवाला’ म्हणून ओळखला जाणारा प्रत्येकजण नव्हे. राज्य शासनाचा तारतंत्री परवाना असलेला माणूस किंवा परवानाधारक कंत्राटदार बोलवावा आणि त्याच्याजवळ मेगर व अर्थ टेस्टर आहेत का, हे आधी विचारावे. गॅसच्या जोडणीसाठी वितरकाकडे मागणी नोंदवावी. सक्तीची तपासणी पाच वर्षांतून एकदा असली तरी मधल्या काळातही माणूस बोलावता येतो. शक्य तर दोघांना एकाच दिवशी बोलवावे, कारण सिलिंडरशेजारचा सॉकेट दोघांनी मिळून पाहण्याचा विषय आहे. मोजलेले आकडे तारखेसह कागदावर घ्यावेत. घर भाड्याने देताना त्या कागदाची प्रत करारनाम्याला जोडायला हरकत नाही. भाडेकरूनेही ती मागावी.

मोजणीचा महिनाही महत्त्वाचा आहे. जुलैत ओल्या मातीत घेतलेला अर्थिंगचा आकडा चांगलाच येणार. तो मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना घ्यावा. वायरीच्या आवरणाची चाचणी मात्र दोन-तीन पाऊस होऊन भिंती ओल्या झाल्यावर करावी. मेगरने ५०० व्होल्टचा दाब देऊन रोध एक मेगाओहमपेक्षा कमी भरला, तर त्या भागातील वायर त्याच आठवड्यात बदलून घ्यावी.