वारंवार आलेला फॉरवर्ड खरा का वाटू लागतो?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्या महिन्यांत देशभर व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. सोबत एक व्हिडिओही होता: मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. हा व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात. तेवढाच भाग कोणीतरी कापला होता.

मग लोकांनी विश्वास का ठेवला? ‘अडाणी होते’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधाने दिली. काही खरी, काही खोटी. जी विधाने पुन्हा पुन्हा समोर आली, ती विद्यार्थ्यांना अधिक खरी वाटू लागली, मग ती खोटी का असेनात. ओळखीची गोष्ट मेंदूला समजायला सोपी जाते आणि हा सोपेपणाच खरेपणाची खूण वाटतो. जाहिरातदारांना हे फार आधीपासून ठाऊक आहे.

व्हॉट्सॲपवर त्यात आणखी एक भर पडते. मेसेज येतो काका, शेजारी किंवा वर्गमित्राकडून. मूळ कोणाचा हे दिसत नाही. पाठवणारा मात्र ओळखीचा असतो, त्याच्यावरचा विश्वास मेसेजला लागतो. चार गटांतून तोच मेसेज आला की चार जणांनी खात्री केली असे वाटते. प्रत्यक्षात एकानेही केलेली नसते.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ हे लेबल आणले आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, तर मात्र हे लेबल लागत नाही.