नांगर, कुळव आणि जमिनीतली ओल : सोलापूरच्या प्रयोगांची हकिगत



"काळ्या रानात दरसाल नांगरट करावी का?" हा प्रश्न आजचा नाही. आपली जुनी माणसं काळ्या जमिनीत दरवर्षी नांगर घालत नसत. हरळी-कुंदा माजला तरच नांगर, एरवी कुळवावर भागवायचं. पुष्कळांना हा आळस वाटे. तो आळस होता की शहाणपण, हे पुढे प्रयोगांनी तपासलं गेलं.

कोरडवाहू शेतीचं संशोधन आपल्याकडे १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं. श्री. व्ही. ए. ताम्हणे यांनी ते हाती घेतलं. पुढे १९३३ पासून सोलापूर आणि विजापूर इथं मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. सोलापूरच्या कामाशी श्री. एन. व्ही. कानिटकर यांचं नाव जोडलेलं आहे.

प्रयोगाला सोलापूर का, ते ध्यानात घ्या. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्यानंतर पेरलेल्या ज्वारीला पुढं पाऊस जवळजवळ नाहीच. जमिनीच्या पोटात जेवढी ओल, तेवढ्यावर कणीस भरायचं. म्हणजे खरी मशागत पेरणीच्या आधीची. जूनपासून पडणारं पाणी मुरवायचं कसं नि राखायचं कसं, हा सगळा खेळ.

या कामातून जी पद्धत ठरली तिला 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धत' म्हणू लागले. शेताला बांध घालावेत. नांगरट तीन वर्षांतून एकदा. शेणखतही तसंच, तीन वर्षांनी. पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या मात्र चुकवू नयेत. पेरताना बी कमी, दोन ओळींत १८ इंच अंतर, आणि मग कोळपण्या. नांगराबाबत म्हातारी माणसं फारशी चुकली नव्हती, असंच म्हणायचं!

कुळव करतो काय? पाऊस उघडला की काळ्या जमिनीवर पापडी धरते. पुढच्या सरीचं पाणी त्या पापडीवरून वाहून जातं, सोबत मातीही नेतं. वापसा येताच पाळी दिली की पापडी फुटते आणि पाणी आत मुरतं. दुसरं, तण. तण म्हणजे ज्वारीच्या तोंडचं पाणी पिणारा चोर. तो लहानपणीच कापला जातो. मात्र पाळी उताराला आडवी द्यायची. उताराच्या दिशेनं दिलीत तर पाण्याला वाट करून दिल्यासारखंच.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. एवढं करून उत्पन्न वाढलं शेकडा १५ ते २०. मूळ उत्पन्न होतं हेक्टरी २०० ते ४०० किलो. हिशेब करून बघा : एकरी वाढ १२ ते ३२ किलोची. त्यासाठी बांध घालायचा, नांगराला बैल जोडायचे, शेणखत वाहायचं. शेतकऱ्यानं मनात हिशेब केला आणि पद्धत पुरतेपणी उचलली नाही. साहेब लोक म्हणाले, शेतकरी ऐकत नाही. आम्हाला वाटतं, त्याचा हिशेब बरोबर होता.

कमी होतं ते जोडीचं काम. निव्वळ ओल राखून भागत नाही; त्या ओलीचं दाण्यात रूपांतर करणारं वाण आणि खत लागतं. १९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प निघाला, त्यात सोलापूर केंद्रही आलं. मशागत, वाण, खत यांचा एकत्र विचार तिथून जोरात सुरू झाला. उताराला आडव्या सऱ्या, पावसाळ्याआधी रानात पाडलेले चौकोनी वाफे, या गोष्टी आज रब्बी ज्वारीसाठी सांगितल्या जातात. पडेल ते पाणी वाफ्यातच अडतं.

आज ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो म्हणून काही ठिकाणी दरसाल नांगरट होते. एकाच खोलीवर वरचेवर फाळ फिरला, त्यातून रान ओलं असताना, तर खाली टणक थर धरतो. पाणीही अडतं, मूळही अडतं. पैसे मोजून ओल घालवण्याचा हा प्रकार!

पेरणीनंतर राहिली कोळपणी. "एक कोळपणी अर्धं पाणी" हे आपण ऐकतोच. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासेचं, आणि आठव्यात दातेरी. या शेवटच्या कोळपणीचा कंटाळा पुष्कळांना येतो, कारण तेव्हा तण फारसं दिसत नाही. पण त्याच सुमारास जमीन उलू लागते आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. दातेरी कोळपं भेगा मातीनं बुजवतं.