आधी तेर्स, मग जेवण

साल 1938, ऑक्टोबर महिना. तू एकोणीस वर्षांचा आहेस, गोव्याच्या साष्टीतल्या कुडतरीचा. पणजीची आगबोट तुला भाऊच्या धक्क्यावर सोडून गेली, पण पायाखालची जमीन अजून हलतेय. खांद्यावर पत्र्याची पेटी, खिशात धोबीतलावचा पत्ता. कागदोपत्री तू पोर्तुगालची रयत, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबईत परदेशी. मराठी मोडकीतोडकी, इंग्रजी ‘येस सर’पुरती.

याच वर्षी उघडलेल्या मेट्रो सिनेमाकडे तोंड वासून बघत, ट्रामपासून अंग वाचवत तू एका इमारतीचा लाकडी जिना चढतोस. दाराशी बसलेला म्हातारा नाव विचारत नाही. “खंयच्या वाड्यावयलो रे तूं?” तू वाडा सांगतोस, बापाचं नाव सांगतोस, विहिरीपलीकडचं घर कुणाचं तेही सांगतोस. म्हातारा आत सरकून वाट देतो.

ही कूड. कोकणीत शब्दाचा अर्थ नुसता ‘खोली’. गावच्या पुरुषांनी वर्गणीवर चालवलेली. खाट एकही नाही. भिंतीला पेट्या एकावर एक रचलेल्या, त्यांवर रंगानं नावं. पेटी ठेवायला जागा मिळाली की राहायला मिळाली. रात्री चटई कुठंही पसरावी. कित्येक पेट्यांचे धनी आत्ता लंडनच्या वाटेवर बोटीत आहेत, पेटी इथं त्यांची जागा धरून आहे. समोर आल्तारावर सांत आलेश, तुझ्या चर्चमधलाच, फक्त हातभर उंचीचा.

दिवेलागणीला घंटा वाजते. स्टोव्हवरच्या कालवणाच्या वासानं तुझ्या पोटात कालवाकालव. तू ताटाला हात घालतोस, तोच म्हातारा गुरकावतो, “पयलीं तेर्स!” तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. सगळे गुडघ्यांवर येतात. मणी ओढता ओढता तू चोरून बघतोस: बंगल्यावरचा बटलर, दोन शिंपी, बँडमधला एक वाजंत्री, आणि तारवटी, म्हणजे खलाशी, बरेच. शेवटचं ‘आमेन’ विरलं न विरलं तोच चौकशी सुरू होते. रांधता येतं? नळी काढलीस का? नळी म्हणजे खलाशाचा दाखला. नाही? मग उद्या सकाळी माझ्याबरोबर चल.

बघ, हीच खरी मुंबईत शिरण्याची वेळ. मला विचारशील तर तेर्स म्हणजे कुडीचा हजेरीपट. सलग दोन-तीन संध्याकाळी जो गुडघ्यांवर दिसत नाही, त्याचा शोध घ्यायला कुणीतरी निघतं. आजारी असेल तर पेज पोचते. मेलाच तर पुरण्याचा खर्च नि आत्म्यासाठी मिसा, दोन्ही कुडीकडून. तुझी भक्ती किती खरी, हे म्हातारा कधीच विचारणार नाही.

पण भोळा राहू नकोस. काही गावांच्या दोन-दोन कुडी आहेत. वाडा वेगळा म्हणतात. खरं कारण जात. बाप्तिस्म्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली, संत एक, तेर्स एक, तरी जिने दोन. बाईला इथं राहता येत नाही. तुझी बहीण आया म्हणून आली, तर मालकाच्याच बंगल्यात झोपेल. गावचा हिंदू शेजारी या जिन्यावर येणारच नाही, तो आपल्या माणसांकडे गिरगावात जाईल. लालबाग-परळला गिरणीतले कोकणी नि घाटी गडीही असेच गावकीच्या खोल्यांत दाटीनं राहतात, आणि तिथंही नव्या पोराला आधी गाव विचारतात, मग साच्यावर चिकटवतात. ज्याला गाव नाही, त्याच्यासाठी हे शहर फुटपाथ राखून आहे.

म्हातारा दिवा मालवतो. तुझी पेटी सर्वांत वरच्या थरावर चढली आहे.

आता आजच्या काळात परत ये. धोबीतलावला क्यानी नावाच्या हॉटेलात चहा घे आणि मान वर कर. त्याच इमारतीच्या, जेर महालच्या माड्यांवर काही कुडी अजून चालू आहेत. बोटीची नोकरी लागेपर्यंत पोरं राहतात. पेट्या भिंतीला, आल्तार समोर, आणि संध्याकाळची तेर्स अजून चुकलेली नाही.