लंडनमधील आयरिश पब
लंडनमधील आयरिश पब म्हणजे आयर्लंडहून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या कामगारांनी, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, आपल्या भेटीगाठीचे ठिकाण म्हणून स्वीकारलेली मद्यालये होत. शहराच्या उत्तर व वायव्य भागातील कॅम्डेन टाउन, केंटिश टाउन, हॉलोवे, किलबर्न आणि क्रिकलवुड या वस्त्यांत ती विशेषत्वाने आढळत. रोजगार, मजुरीचे वाटप, गावाकडच्या बातम्या, संगीत आणि राजकारण असे अनेक व्यवहार या पबमध्ये होत असत. आज जगभर आयरिश परंपरा म्हणून ओळखली जाणारी पबमधील सामूहिक वादनाची बैठक मोठ्या प्रमाणावर याच परक्या शहरात घडली.

पार्श्वभूमी

१९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयर्लंडच्या प्रजासत्ताकातून चार लाखांहून अधिक लोकांनी देशांतर केले. त्यांपैकी बहुसंख्य ब्रिटनमध्ये गेले. १९७१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. वेल्समधील हॉलिहेड बंदरावर बोटीतून उतरलेले प्रवासी रेल्वेने लंडनच्या यूस्टन स्थानकात पोहोचत. तेथून कॅम्डेन टाउन पायी जाण्याइतके जवळ असल्याने ती वस्ती अनेकांचा पहिला मुक्काम ठरली.

पुरुषांना बांधकाम, रस्ते व भुयारे खोदण्याची कामे मिळत. स्त्रिया रुग्णालयांत परिचारिका म्हणून किंवा घरकामाला लागत. एका खोलीत दोघे-तिघे राहत, आणि पाहुण्यांना खोलीवर आणण्यास घरमालकीण बहुधा परवानगी देत नसे. त्यामुळे कामावरून सुटल्यावर बसण्यासाठी ऊब, उजेड आणि ओळखीची बोली असलेली जागा पबशिवाय क्वचितच मिळे.

हे पब वास्तूच्या दृष्टीने आयरिश नव्हते. बहुतेक इमारती व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी धाटणीच्या असून त्यांची मालकी इंग्रज मद्यउत्पादक कंपन्यांकडे असे. चालक कित्येकदा आयरिश असे आणि गिऱ्हाईक तर असेच असे. तेथे मिळणारी गिनेस बिअरदेखील १९३६ पासून लंडनमधल्याच पार्क रॉयल येथील कारखान्यात तयार होत होती.

रोजगार आणि मजुरी

क्रिकलवुड ब्रॉडवेवरील 'द क्राउन' हा पब आणि त्याच्या समोरचा रस्ता हा उत्तर लंडनमधील प्रसिद्ध मजूर नाका होता. पहाटे मजूर तेथे उभे राहत. उपकंत्राटदारांच्या गाड्या येत आणि मुकादम हवी तेवढी माणसे निवडून घेऊन जात. नाव-गावाची नोंद न करता रोखीने मजुरी देण्याच्या या पद्धतीला मजुरांच्या बोलीत 'लंप' म्हटले जाई. तात्पुरते पाहता ती दोन्ही बाजूंना सोयीची होती. मजुराच्या हाती अधिक रक्कम पडे आणि कंत्राटदाराचा विम्याचा हप्ता वाचे.

आठवड्याची मजुरी अनेकदा पबमध्येच वाटली जाई. ती धनादेशाने दिल्यास बँकेत खाते नसलेल्या मजुराला तो वटवण्यासाठी पबचालकाकडे जावे लागे. चालक त्यातून काही रक्कम कापून घेई किंवा गिऱ्हाइकाने तेथेच पिऊन खर्च करावा अशी अपेक्षा ठेवी. रोकड येईपर्यंत तासन्‌तास थांबावे लागे, आणि थांबणाऱ्यांच्या हाती पेला असे. एकाकीपणावर उतारा म्हणून लाभलेली जागाच अशा रीतीने अनेकांच्या कर्जाचे आणि व्यसनाचे कारण बनली. विम्याची नोंद नसल्याचा परिणाम पुढे म्हातारपणी दिसला. आयुष्यभर राबलेल्या कित्येक मजुरांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले नाही.

संगीत

आयर्लंडच्या ग्रामीण भागात पारंपरिक वादन मुख्यतः घराच्या स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांच्या नाचासाठी होत असे. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानंतर घरगुती नाचांवर पोलीस व धर्मगुरू यांचा दबाव वाढला. गावच्या पबमध्ये वादकांनी एकत्र बसून वाजवण्याची प्रथा तेव्हा सर्वत्र रूढ नव्हती. लंडनमध्ये मात्र वादकांना ना स्वयंपाकघर होते, ना नाचणारे शेजारी. भाड्याच्या खोलीत फिडल वाजवली तर तक्रार येई. म्हणून वाद्ये पबमध्ये आली.

१९४७ च्या सुमारास केंटिश टाउनमधील 'डेव्हनशायर आर्म्स'मध्ये सुरू झालेल्या बैठका या प्रकारातील आरंभीच्या मानल्या जातात. १९५० च्या दशकात कॅम्डेन टाउनमधील 'बेडफर्ड आर्म्स'मध्ये स्लायगो परगण्याचे फिडलवादक मायकेल गोर्मन आणि कॉर्कच्या गायिका मार्गारेट बॅरी यांची जोडी विशेष लोकप्रिय होती. बॅरी बॅन्जोच्या साथीने गात. त्याआधी त्यांनी आयर्लंडमध्ये जत्रांत आणि रस्त्यांवर गाऊन उदरनिर्वाह केला होता. पुरुषी समजल्या जाणाऱ्या या वातावरणात स्त्री-वादकही होत्या. केरीच्या सीमाभागातील ज्युलिया क्लिफर्ड आणि परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी गॉलवेहून आलेल्या लुसी फार या दोघी फिडलवादक त्यांत प्रमुख होत.

या बैठकांमुळे संगीताच्या स्वरूपातही फरक पडला. आयर्लंडमध्ये स्लायगो, क्लेअर, केरी येथील वादकांची गाठ पडण्याचे प्रसंग थोडे होते आणि प्रत्येक प्रांताची वादनाची ढब निराळी होती. लंडनमध्ये तेच वादक एका टेबलाभोवती बसू लागले. रंगमंच नसे. एकाने धून सुरू करावी, येत असेल त्याने साथीला यावे, आणि थांबण्यापूर्वीच पुढची धून जोडावी, असा क्रम असे. सर्वांना ठाऊक असलेल्या धुनांचा सामाईक संग्रह यातून तयार झाला. वादन नाचासाठी न राहता वादकांच्या परस्पर आनंदासाठी होऊ लागले. हॉलोवेमधील 'द फेव्हरिट' या पबमधील रविवार दुपारच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण 'पॅडी इन द स्मोक' या नावाने १९६८ मध्ये टॉपिक रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. त्या काळच्या बैठकीचा तो सर्वांत जिवंत दस्तऐवज आहे. धुनांमागे ऐकू येणारा पेल्यांचा आवाज आणि बोलण्याचा गलका त्यात तसाच राहिला आहे.

१९७४ नंतरचा काळ

ऑक्टोबर १९७४ मध्ये गिल्डफर्ड येथील आणि २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅम येथील पबमध्ये प्रोव्हिजनल आयआरएने घडवलेल्या बॉम्बस्फोटांत अनुक्रमे ५ आणि २१ जण ठार झाले. त्याच महिन्यात संमत झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याने संशयितास आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत डांबून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. या दोन प्रकरणांत दोषी ठरवलेल्या दहा जणांची शिक्षा चुकीची असल्याचे सिद्ध होऊन त्यांची सुटका होण्यास अनुक्रमे १९८९ आणि १९९१ साल उजाडले.

आयरिश उच्चार कानी पडताच संशय घेतला जाण्याचे ते दिवस होते. अनेकांनी इंग्रजांच्या पबमध्ये तोंड उघडणे टाळले. आपल्या पबमध्ये मोकळेपणा होता, परंतु तेथेही सुरक्षितता नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये किलबर्नमधील 'बिडी मलिगन्स' या पबवर उत्तर आयर्लंडमधील संघवादी गटाने बॉम्बहल्ला केला. त्यात काही जण जखमी झाले. पुढच्या पिढीने हा संकोच मोडला. १९८२ मध्ये 'द पोग्ज' या वाद्यवृंदाने किंग्ज क्रॉसजवळील 'पिंडर ऑफ वेकफील्ड' या पबमध्ये पहिला कार्यक्रम केला आणि पारंपरिक धुनांना पंक संगीताची जोड दिली.

सजावटीचे पब आणि ऱ्हास

१९९० च्या दशकात आयरिश पब हा व्यापारी नमुना बनला. डब्लिनमधील कंपन्या जुन्या दुकानांच्या, झोपड्यांच्या किंवा व्हिक्टोरियन बारच्या धर्तीवर लाकडी सजावट तयार करून निरनिराळ्या देशांत पाठवू लागल्या. गिनेस कंपनीने या प्रसाराला उत्तेजन दिले. ब्रिटनमध्ये बास कंपनीने 'ओ'नील्स' ही साखळी उभारली. येथे क्रम उलटा होता. जुन्या पबमध्ये भिंती इंग्रज आणि माणसे आयरिश होती, तर नव्या पबमध्ये आयरिशपणा मुख्यतः भिंतींवर होता.

याच सुमारास आयर्लंडची अर्थव्यवस्था सुधारली, अनेक जण परतले आणि लंडनमधील जागांच्या किमती वाढल्या. क्रिकलवुडमधील 'गॅल्टीमोर' हे १९५२ मध्ये सुरू झालेले नृत्यगृह २००८ मध्ये बंद पडले. 'द फेव्हरिट'ची इमारत पाडण्यात आली. 'द क्राउन' ही वारसा इमारत आज एका हॉटेलचा भाग आहे. पार्क रॉयलचा कारखाना २००५ मध्ये बंद झाल्यापासून लंडनमध्ये मिळणारी गिनेस डब्लिनहून येते. स्टोक न्यूइंग्टनमधील १९९१ पासूनचा 'ऑल्ड शिलेली' यांसारख्या मोजक्या पबमध्ये आजही आयरिश गिऱ्हाइकांचा राबता आहे.