पंडिताच्या हातचा छेद

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत देहाच्या अभ्यासाची एक रीत सांगितली आहे. विषाने न मेलेला, दीर्घ रोगाने न झिजलेला, सर्व अवयव शाबूत असलेला देह निवडावा. आतड्यांतील मळ काढून तो मुंज, कुश, ताग अशा कशाने तरी वेष्टावा आणि पिंजऱ्यात घालून एकांतातल्या संथ प्रवाहात ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या वा वेळूच्या कुंचल्याने हळूहळू घासावा व त्वचेपासून आतले प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे. युक्ती विलक्षण खरी. पण सात दिवस पाण्यात राहिलेल्या मेंदूत पाहण्यासारखे काय उरणार? पुढे ही रीतही लोपली. ग्रंथ तेवढा पाठ होत राहिला. शल्यतंत्राच्या मते हाडे तीनशे, हे शिष्य गुरुमुखातून ऐकत आले. प्रौढ माणसाच्या शरीरात ती 206 भरतात. सुश्रुताच्या मोजणीत दात व कूर्चाही येतात, हे पडताळून पाहण्याचा प्रसंगच उरला नव्हता.

हा प्रसंग पुन्हा आला तो कलकत्त्यास. 1835 साली तेथे मेडिकल कॉलेज निघाले आणि संस्कृत कॉलेजातला वैद्यकाचा वर्ग बंद झाला. त्या वर्गाचे अध्यापक पंडित मधुसूदन गुप्त नव्या संस्थेत आले. हूपरच्या शारीरविषयक इंग्रजी पुस्तकाचे संस्कृत भाषांतर करणारा हा वैद्यकुळातला मनुष्य. शरीराच्या आतल्या भागांना संस्कृत नावे देताना त्याने किती शब्द घडविले असतील! ते अवयव मात्र अजून पाहायचे होते.

प्रेताला स्पर्श म्हणजे विटाळ, आणि त्यावर सुरी चालविणे म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी. अध्यापक हेन्री गुडीव्ह यांना विद्यार्थ्यांच्या बुद्धीची शंका नव्हती. शंका होती ती दाराच्या आत पाऊल कोण टाकील याची. 1836 साली ते पाऊल मधुसूदनांनी टाकले. पुढे त्यांच्या चित्राच्या अनावरणप्रसंगी बेथूनसाहेबांनी त्या दिवसाचे वर्णन केले. गुडीव्हमागोमाग हातात शस्त्र घेऊन पंडितजी प्रेत ठेवलेल्या कोठीत शिरले. विद्यार्थी दाराशी गोळा झाले, आत येण्याचे धैर्य होईना, आणि झिलमिलीच्या फटींतून भीत भीत पाहत राहिले. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफा सुटल्या अशी आख्यायिका आहे. तोफा सोडून दिल्या तरी फटींतून पाहणारे ते डोळे खरे वाटतात.

सुश्रुताचा अर्थ लावणाऱ्या पंडिताला शास्त्राचा आधार नव्हता असे कोण म्हणेल? आधार ग्रंथात होता, अडथळा रूढीत होता; आणि हा भेद ओळखायला संस्कृत जाणणाराच मनुष्य लागला, हे योगायोगाहून थोडे अधिक आहे. इंग्रज अध्यापकाच्या सुरीने विद्यार्थ्यांची भीती गेली नसती. उमाचरण सेट, द्वारकानाथ गुप्त, राजकृष्ण दे, नवीनचंद्र मित्र हे शिष्य पुढे आले. 1837 साली कॉलेजात साठ प्रेतांचे विच्छेदन झाले, पुढल्या वर्षी त्याच्या दुप्पट. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले तेव्हा ही वाट मळलेली होती.

मधुसूदन मात्र अध्यापक असूनही 1840 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, स्वतः परीक्षेस बसले व उत्तीर्ण झाले. 1856 साली ते वारले.